धाकटीनं बोलावलं

जेवून, हात पुसत ती खोलीत परतली तर पडद्यावरून दोन लाल डोळे तिच्याकडे बघत होते. भयपट कापण्यात जिची उमर गेली तिला लाल डोळ्यांचं काय कौतुक. असले डोळे तिनं डझनांनी लावले होते, खिडकीत लावले होते, कपाटाच्या फटीत लावले होते, एकदा तर निर्मात्यानं हट्टच धरला म्हणून उकळत्या पातेल्यात लावले होते. तरी आज छातीत धस्स झालं, कारण हे डोळे तिचे नव्हते. डबा खायला जाताना तिनं चित्र जिथे थांबवलं होतं तिथे एका म्हातारीचा चेहरा होता आणि पुढच्याच क्षणी ती म्हातारी ‘ये’ म्हणणार होती. आपण घरात नसताना कुणीतरी शिरून कपाटातले कपडे मागेपुढे करून जावं, तसं तिला वाटलं. खुर्चीसुद्धा कुणीतरी खाली करून ठेवली होती. तिनं उभ्यानंच चित्र थोडं मागे नेलं आणि तो तुकडा पुन्हा पाहिला. दार. दारात थोरली बहीण, रक्तपिशाच झालेली. आत म्हातारी धाकटी. मग थोरलीचे डोळे, अगदी जवळून, लालभडक, आणि त्याखाली घाईघाईनं चिकटवलेला घूंऽऽ असा आवाज. मग धाकटी म्हणते, ‘ये.’ दोन सेकंदांचा काय तो फरक. तिनं खुर्ची वर करून घेतली, बसली, आणि आपल्याला राग आलाय हे तिच्या लक्षात आलं. भीती नव्हे, रागच, हे कळल्यावर तिला जरा बरं वाटलं.

त्या इमारतीत तिला सगळे कात्री म्हणत. फिल्म खरोखरच कात्रीनं कापायची तेव्हा हे नाव पडलं; पुढे कात्री गेली, कॉम्प्युटर आला, नाव मात्र चिकटून राहिलं. तोंडावर कात्रीताई, पाठीमागे नुसतंच कात्री. तिची हरकत नव्हती. भयपट असला की शेठ दुसऱ्या कुणाचं दार वाजवत नसे. शेठ म्हणजे निर्माता, वर्षाला दोन-तीन भुतं बाजारात आणणारा, स्वतः मात्र पडद्यावर मुंडकं उडालं तरी जांभई देणारा. तिच्या घराचा गाडा शेठच्या भुतांवर चालायचा आणि पुढचे तीन चित्रपटही तिलाच द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. आता तो दारात येऊन उभा राहिला तो दाढीतल्या दाढीत हसत.

‘बघितलंत?’

‘कुणी लावलं?’

‘शेजारच्या जाहिरातवाल्याकडून लावून घेतलं. तुम्ही जेवत होता, म्हटलं बाईंना कशाला उठवा घासावरून.’

‘आणि डोळे आले कुठून?’

‘परवा घेतले. त्या नटीला बोलावून, लाल लेन्स घालून. दिग्दर्शकाला विचारलं होतं हां मी.’

‘तो हो म्हणाला?’

‘तो काहीच म्हणाला नाही,’ शेठ म्हणाला, म्हणजे त्याच्या दृष्टीनं हो म्हणाला. मग त्यानं स्टूल ओढलं आणि लहान मुलाला समजवावं तसा आवाज केला. ‘ताई, लोकांना कळत नाहीये. आपण त्या दिवशी ओळखीतल्यांना दाखवला ना, सगळ्यांनी हेच विचारलं. दारात कोण उभंय हे त्या म्हातारीला माहीत आहे. चाळीस वर्षांनी बहीण परत आलीय आणि तशीच्या तशी, तिशीची. गल्लीतली माणसं एकेक करून मरतायत. म्हातारी काय आंधळी नाही. मग ती तिला आत बोलावेल कशाला? पण डोळे दाखवले की प्रश्नच मिटला. भुरळ घातली. बिचारीचा काय दोष?’

‘आणि नाही लावले तर?’

‘शुक्रवारी दुपारी वितरक बघायला येणार. डोळे नसले तर तो घेणार नाही, स्वच्छ सांगितलंय त्यानं. दोन सेकंदांचं तर काम आहे,’ शेठ उठला, आणि जाता जाता तिच्या डब्याकडे बघून म्हणाला, ‘जेवत जा नीट. वाळलात.’

दोन सेकंद. भयपट म्हणजे दुसरं असतं काय? हे गणित तिला पाठ होतं. शांतता ताणायची, इतकी की प्रेक्षकाला स्वतःचा श्वास ऐकू यावा. मग मांजर उडवायचं. मांजर बघून तो हसला, सैल पडला, की मानेवर खरं भूत बसवायचं. दिवे जायलाच हवेत, फोन बंद पडायलाच हवा, घरातल्या सगळ्यात देखण्या पोरीनं एकटीनंच तळघरात उतरायला हवं. आणि रक्तपिशाचाचा चित्रपट असला तर नियमांचं भलंमोठं गाठोडंच: आरशात दिसायचं नाही, उन्हात जळायचं, छातीत खुंटी ठोकल्याशिवाय मरायचं नाही, आणि घरातल्या माणसानं ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. हे सगळं तिनं इमानेइतबारे केलं होतं आणि त्याची तिला तिळमात्र लाज नव्हती. लोक पदरचे पैसे देऊन घाबरायला येतात, त्यांना व्यवस्थित घाबरवणं हे काही हलकं काम नाही. पण या दिग्दर्शकानं, जेमतेम तिशीच्या, वाक्य अर्धं बोलून उरलेलं गिळणाऱ्या त्या माणसानं, सगळे नियम आधी मांडले आणि मग हलक्या हातानं त्यातले काही काढून घेतले. मांजर होतं, पण ते उडत नव्हतं. थोरलीच्या पायाशी येऊन पाय चाटत बसत होतं. आरसा होता, आणि थोरली त्यात चक्क दिसत होती, तिशीतला गुळगुळीत चेहरा, आणि खांद्याला खांदा लावून साठी उलटलेल्या धाकटीचा. ते दोन चेहरे एका आरशात पाहून कात्रीच्या अंगावर जसा काटा आला तसा आजवर कुठल्या रिकाम्या आरशानं आला नव्हता. तहानेचा नियम त्यानं ठेवला होता. थोरलीला रक्त लागत होतंच, ती माणसं मारत होतीच, त्यात त्यानं साखर घातलेली नव्हती. आणि उंबऱ्याच्या नियमावर तर अख्खा चित्रपट उभा केला होता. थोरली रोज येते, दारात उभी राहते, मागत काहीच नाही. आत बोलावणार की नाही, एवढाच काय तो प्रश्न. शेवटी धाकटी खुर्चीतून उठते, गुडघे धरत दारापर्यंत येते आणि पूर्ण शुद्धीवर, डोळे उघडे ठेवून म्हणते, ‘ये.’ थोरली आत येते. धाकटी तिचे केस विंचरायला घेते. दार आतून लागतं. संपलं.

त्या ‘ये’च्या आधीचा चेहरा तिनं आठवडाभर घासला होता. म्हातारीच्या चेहऱ्यावर आधी भीती येते. ती जाते. मग सगळा जन्म तोलून बघितल्यासारखं काहीतरी येतं, तेही जातं. मग थोडा वेळ काहीच नसतं, नुसता चेहरा असतो, आणि तेवढ्यात ठरतं. माणूस ठरवतो तेव्हा कसा दिसतो हे तिनं आजवर इतक्या चित्रपटांत कधी दाखवलं नव्हतं, कारण भयपटात कुणी काही ठरवतच नाही, सगळं त्यांच्यावर येऊन आदळतं. इथे तिला ते सापडलं होतं. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःशी गुणगुणत होती, रस्त्यावर एकाला धक्का लागला तर त्यालाच ‘सांभाळून हो’ म्हणाली होती. आणि आता शेठच्या त्या दोन डोळ्यांनी त्या चेहऱ्याचं पार वाटोळं करून टाकलं होतं. चेहरा तोच, उजेड तोच, ‘ये’ तेच, पण आता ती म्हातारी काही ठरवत नव्हती. तिच्यावर काहीतरी झालं होतं. बिचारीचा काय दोष.

बिचारीचा काय दोष. या वाक्याची आणि तिची ओळख जुनी. ती कॉलेजात असताना घरी म्हणाली होती की मी चित्रपट कापायला शिकणार आहे. तेव्हा वडील जेवत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला विचारलं, ‘हिच्या डोक्यात हे कुणी भरवलं?’ आई म्हणाली, त्या कॉलेजात कुणी एक सर आहेत म्हणे, चित्रपटांबद्दल बोलतात. झालं. वडिलांनी हात धुतले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि तडक त्या सरांच्या घरी भांडायला गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, कोण मुलगी ही, नक्की कुठे बसते? त्यांना ती माहीतच नव्हती. तरीही घरात कायम तेच धरलं गेलं, की त्या सरांनी पोरीला फूस लावली. तिला वाटायचं, एकदा, निदान एकदा, वडिलांनी माझ्याशी भांडावं. ओरडावं, ताट भिरकावावं, पण माझ्यावर. ते तिच्याशी शेवटपर्यंत गोडच बोलले.

मग नवरा. नवरा वाईट नव्हता, उकडलेल्या बटाट्यासारखा चांगला होता, कशातही घाला, कशाचीही चव नाही. एक दिवस सकाळी दात घासता घासता तिला कळलं की आपण इथे राहणार नाही. इतकं साधं. भांडण नाही, मारहाण नाही, कुणी तिसरा माणूस नाही. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘मी जाते.’ नवरा म्हणाला, ‘दूध आणायला?’ मग दोन्ही घरची माणसं जमली, आणि सगळ्यांचा एकच शोध, हिचे कान कुणी भरले? आधी मैत्रिणीवर आळ आला, ती बिचारी घाबरून फोन उचलेनाशी झाली. मग कामावरच्या लोकांवर. शेवटी सासूबाईंनी मायेनं, खरोखर मायेनं, पोटाशी घेऊन सांगितलं की बायकांचं या वयात असं होतं, थायरॉइड तपासून घेऊ. दंडातून रक्त काढलं. बाटल्या भरून काढलं. सगळे रिपोर्ट उत्तम आले आणि घरात अशी अवकळा पसरली जणू कुणी गेलंच. रोग निघाला असता तर तिला माफ करता आलं असतं. बाहेर पडताना नणंद पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘तुझा काही दोष नाही गं.’ त्या हाताच्या आठवणीनं तिला आजही, या एसीच्या खोलीत बसून, पाठीवर घाम फुटत होता. आजवर जे जे तिनं केलं होतं ते ते कुणीतरी दुसऱ्यानं तिच्याकडून करवून घेतलेलं होतं, अशी सगळ्या गणगोताची खात्री. तिच्या आयुष्यात तिच्या प्रत्येक ‘हो’च्या आणि ‘नाही’च्या आधी कुणी ना कुणी येऊन दोन लाल डोळे लावून गेलं होतं.

तिनं दिग्दर्शकाला फोन लावला. शेठनं काय केलंय ते सांगितलं.

‘घाला ताई,’ तो म्हणाला. ‘मी भांडून थकलो.’

‘तुम्ही भांडलात कधी?’

‘मनात भांडलो.’ आणि लगेच, ‘मला पुढचाही चित्रपट करायचाय. घाला डोळे. माझं नाव सांगा, मी म्हणालो म्हणून.’

तिला त्याचा राग आला नाही, कीव आली, आणि कीव आल्याचा मग राग आला. फोन ठेवते न ठेवते तोच दादाचा आला. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, फोनवर आधी हवापाणी विचारणारा आणि मग हळूच मुद्द्यावर येणारा. मुद्दा दोन वर्षं एकच होता: आत्या. वडिलांची ही बहीण चाळीस वर्षांपूर्वी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याबरोबर निघून गेली होती, आणि तो वारल्यावर एक बॅग घेऊन परत आली ती आधी दादाच्या दारात. दादानं पाणी विचारलं, चहा विचारला, ‘राहा’ म्हटलं नाही. तिथून उठून ती कात्रीकडे आली. कात्रीनं दार उघडलं, बॅग बघितली आणि म्हणाली, ‘ये.’ त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं तेव्हा तिला वाटलं नव्हतं, पण विचार केला होता; दाराच्या कडीवर हात असताना, तेवढ्यात, पुरता केला होता.

‘अगं, रक्त पितेय ती तुझं,’ दादा म्हणत होता. ‘सगळं आयुष्य मजेत घालवून आता तुझ्या गळ्यात. तुला कळत नाही, पण तिनं तुला पार कह्यात घेतलंय. बाबांनाही असंच गुंडाळायची.’

‘दादा, मी बोलावलंय तिला.’

‘तेच म्हणतोय मी. तुझा स्वभाव भोळा.’

तिनं फोन ठेवला. या माणसाला समजावणं म्हणजे भिंतीशी कुस्ती.

आत्या रक्त पीत होती हे काही अगदीच खोटं नव्हतं. गरम पाणी सगळं संपवायची, टीव्ही असा लावायची की खालच्या मजल्यावरच्या लोकांना बातम्या फुकट, खिडकीजवळची खुर्ची पहिल्याच दिवशी तिनं काबीज केली होती, आणि कात्रीनं केलेल्या कुठल्याही पदार्थाला तिचं एकच मत: ‘खाता येईल.’ त्या संध्याकाळी कात्री घरी आली तेव्हा ती त्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

‘आज कुणाचं भूत कापलंस?’

कात्रीनं सांगितलं. सगळं सांगितलं, दोघी बहिणी, दार, डोळे, शेठ. सांगताना तिला आशा होती की या बाईला तरी कळेल. आत्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, ‘डोळे पाहिजेतच की. डोळे लाल नसले तर भूत कसलं गं? नुसतं दारात उभं राहायला ते काय मीटर वाचायला आलंय?’

कात्रीनं हात टेकले. मग भाजी चिरता चिरता, सहज, कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘आत्या, काकांनी तुला काय अशी भुरळ घातली होती?’

‘कुणी, ह्यांनी?’ आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘त्या माणसाला स्वतःच्या शर्टाची बटणं धड लावता येत नव्हती, तो मला भुरळ घालतोय. मीच लागले होते हात धुऊन मागे. घरातलं भिंतीवरचं घड्याळ, चांगलं टकटक चालणारं, मुद्दाम बंद पाडून न्यायचे त्याच्याकडे. तो उघडून बघायचा, म्हणायचा तुमच्या घरात ओल फार आहे. तीन वेळा नेलं तरी येड्याला कळेना. शेवटी मीच सांगितलं.’ ती पदरानं डोळे पुसत राहिली, आणि हसू कधी थांबलं ते कळलं नाही. ‘तुझ्या बापानं त्याला जन्मभर शिव्या घातल्या. चोर म्हणाला, जादूटोणा करणारा म्हणाला. मला एक शिवी दिली नाही गं. मी वाट बघत होते. मी केलं होतं सगळं, आणि मला शिवीसुद्धा दिली नाही त्यानं.’

कात्रीनं भाजी फोडणीला टाकली. आत्या तिच्या पाठीमागून म्हणाली, ‘मीठ बेतानं घाल,’ आणि टीव्ही लावला. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात वडिलांबद्दल जे होतं ते सगळं उलटंपालटं झालं. तिला वाटत आलं होतं की ते आपल्याला जपत होते. आता वाटलं, त्यांना दोन बायका समोर दिसत होत्या, एक बहीण आणि एक मुलगी, आणि या आपणहून काही करू शकतात ही गोष्ट त्यांना इतकी भयंकर वाटली की त्यांनी ती मान्यच केली नाही. त्यापेक्षा भुरळ परवडली. सर, घड्याळवाला, थायरॉइड, काहीही परवडलं. आणि शेठच्या ओळखीतल्या त्या प्रेक्षकांनाही लाल डोळे का हवे होते ते तिला तेव्हा कळलं. भूत दारात उभं राहिलं तर त्यांना चालत होतं. म्हातारी शुद्धीवर राहून ‘ये’ म्हणाली, त्यानं त्यांची पाचावर धारण बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठच्या माणसाकडून त्या डोळ्यांचं अख्खं चित्रीकरण मागवून घेतलं. शेठला वाटलं, बाई ताळ्यावर आल्या, त्यानं लगेच पाठवलं. बघायला लागली तर त्यात काही नव्हतं. नटी डोळे वटारतेय, मागून कुणी ‘अजून, अजून मोठे’ म्हणतंय, पुन्हा तेच, पुन्हा तेच. ती शेवटपर्यंत बघत राहिली, कारण शेवटपर्यंत बघायची तिची खोडच होती. खरोखरच्या कात्रीनं फिल्म कापायच्या दिवसांत जे खाली पडलं तेही ती उचलून उजेडात धरायची. शेवटी ‘कट’ म्हटल्याचा आवाज आला, लोक आपापसात बोलायला लागले, आणि कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. लाल लेन्स त्या नटीला केव्हाच्या टोचत असणार. आता कुणी बघत नाही असं वाटून तिनं डोळे वटारणं सोडलं. पापण्या लवल्या. डोळ्यांत पाणी दाटलं, लाल रंगावर तरारलं, आणि खाली ओघळलं. तिनं ते पुसलं नाही, कारण रंगरंगोटी बिघडली असती. नुसती समोर बघत उभी राहिली, कुणीतरी येऊन लेन्स काढून देईल म्हणून.

कात्रीनं तो तुकडा उचलला. शेठनं लावून घेतलेले डोळे काढून टाकले आणि म्हातारीचा चेहरा होता तसा पुन्हा मोकळा केला, भीती येते, जाते, तोलणं येतं, जातं, मग काही नाही, मग ‘ये.’ आणि त्या ‘ये’च्या नंतर, लगेच नंतर, तिनं हे डोळे ठेवले. खालचा घूंऽऽ काढला, काहीच ठेवलं नाही. मग मागे जाऊन बघितलं. डोळे लालच होते. पण चाळीस वर्षं दारोदार उभं राहिल्यावर कुणीतरी ‘ये’ म्हणालं, तेव्हा रडलेल्या माणसाचे होते. चित्र एक जागा इकडचं तिकडे गेलं तर एवढं होतं, हे तिला ठाऊक होतं, तो तिचा रोजचा धंदा होता. तरी तिनं ते पुन्हा पुन्हा लावून बघितलं, आणि शेवटी बघताना तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ती खोलीत एकटीच हसली. शेठनं फोन करून विचारलं, ‘घातलेत ना डोळे?’ ती म्हणाली, ‘घातलेत.’

शुक्रवारी दुपारी इमारतीतल्या छोट्या थिएटरात पाच-सहा जण बसले. वितरक पुढच्या रांगेत, जाडजूड, जोडे काढून पाय समोरच्या स्टुलावर. त्याच्या शेजारी शेठ. दिग्दर्शक एका कोपऱ्यात, अंग चोरून. कात्री सगळ्यांत मागे, तिच्या नेहमीच्या जागी, जिथून तिला पडद्यापेक्षा लोकांच्या माना जास्त दिसत. चित्रपट चालू झाला. मांजर उडालं नाही तेव्हा वितरकाची मान जरा वाकडी झाली. आरशाच्या जागी त्यानं पाय खाली घेतले. शेवट आला. दार. थोरली. म्हातारीचा चेहरा, लांब, खूप लांब, कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं, शेठची मान कडक होत गेली, कारण डोळे यायला हवे होते आणि आले नव्हते. ‘ये.’ मग डोळे. दिग्दर्शकानं तोंडावर हात ठेवला. केस विंचरले गेले, दार लागलं, आणि दिवे लागले तरी कुणी उठलं नाही.

वितरक जोडे शोधत होता. ‘शेठ, तुम्ही भुरळ म्हणाला होता,’ तो म्हणाला. ‘यात कुठे भुरळ? ती आधीच बोलावून मोकळी झाली. डोळे नंतर आले, तेही रडके. हे कुणाचं डोकं?’

शेठ वळला. एका क्षणात सगळं त्याच्या ध्यानात आलेलं होतं, तो काही बावळट नव्हता. त्यानं आधी कात्रीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या दिग्दर्शकाकडे, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. ‘बाईंचं काही नाही हो यात,’ तो वितरकाला म्हणाला. ‘बाई इतकी वर्षं माझ्याकडे आहेत, साध्या आहेत. या साहेबांनी काहीतरी डोक्यात भरवलं त्यांच्या. कलाबिला. बाई दोन दिवसांत सरळ करून देतील. हो ना ताई?’

‘माझंच आहे ते,’ दिग्दर्शक पुटपुटला. तो उभा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वाक्य पूर्ण केलं असेल. ‘मीच ताईंना सांगितलं.’ आणि त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की घ्या, एवढं तरी करतो तुमच्यासाठी.

सगळे तिच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांच्या नजरेत माया होती. तिला काही करायचं नव्हतं, नुसती मान हलवायची होती. मान हलवली की पुढचे तीन चित्रपट, घराचा हप्ता, आत्याचं गरम पाणी, सगळं जिथल्या तिथे. शेठ स्वतः तिच्यासाठी मध्ये पडला होता. इतकी चांगली माणसं. तिच्या पाठीवरून पुन्हा तो हात फिरल्यासारखा वाटला, आणि ती उठली.

‘यानं मला काही सांगितलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘हा म्हणाला होता, डोळे आधी घाला. तुम्हीही म्हणालात आधी घाला. दोघांचंही मी ऐकलं नाही. मला कुणी काही भरवलेलं नाही. ते डोळे तिथे मी ठेवलेत.’

‘ताई, तुम्ही दमलाय,’ शेठ म्हणाला.

‘मी दमलेली नाही. जेवलेय, झोपलेय, माझी तब्येत उत्तम आहे. दार कुणासाठी उघडायचं हे त्या म्हातारीला कळत होतं, ती मरणार हेही कळत होतं, आणि तरी तिनं बोलावलं. तुम्हाला डोळे आधी हवे असतील तर शेजारच्याकडून लावून घ्या, चित्रपट तुमचा आहे. पण मग खाली त्याचं नाव लावा. माझं नाव राहणार असेल तर ती आपणहून बोलावते.’

‘मग पुढची कामं मला दुसरीकडे द्यावी लागतील.’

‘द्या. आणि कुणी विचारलं का, तर सांगा की त्या बाईनं मुद्दाम केलं. एवढं मात्र नक्की सांगा. वाटल्यास शिव्या घाला, पण मला घाला.’

वितरकाचा एक पाय जोड्यात गेला होता आणि दुसरा तसाच राहिला होता. दिग्दर्शक खाली बसला. शेठच्या चेहऱ्यावरची माया पार पुसली गेली होती आणि तिच्या जागी जे आलं होतं ते ओळखायला कात्रीला वेळ लागला नाही, जन्मभर तिनं तेच चेहऱ्यांवर शोधून शोधून कापलं होतं. शेठ तिला घाबरला होता. तिनं त्याला तसंच बघू दिलं, पर्स खांद्याला लावली आणि त्याची समजूत काढायला थांबली नाही.